घाईवरून आकसावर

लंडनचे नामांकित शल्यविशारद जॉन हंटर १६ ऑक्टोबर १७९३ रोजी सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या बैठकीत झालेल्या वादावादीनंतर कोसळले आणि गेले. छातीत कळा येण्याचं त्यांचं दुखणं जुनं होतं. आपल्याला डिवचणाऱ्या कोणाही ऐऱ्यागैऱ्याच्या हातात आपला जीव आहे, असं ते म्हणत. राग आणि हृदय यांचं नातं सांगताना ही हकिगत हमखास येते. पण आधीच आजारी असलेल्या हृदयाला संताप सोसला नाही, एवढंच तिच्यातून कळतं. संतापी स्वभावामुळे मुळात हृदयविकार जडतो का, हा प्रश्न वेगळा आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून त्याचा जो शोध घेतला गेला, त्यात तपास जितका काटेकोर होत गेला तितका स्वभावावरचा आरोप लहान होत गेला. तो पुरता पुसला मात्र गेला नाही.

१९५०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोतल्या मायर फ्रीडमन आणि रे रोझेनमन या हृदयरोगतज्ज्ञांनी सतत घाईत असलेल्या, चढाओढीत रमणाऱ्या आणि चटकन चिडणाऱ्या वागण्याला ‘टाइप ए’ असं नाव दिलं. ते ओळखण्याची त्यांची मुलाखत मोठी मासलेवाईक होती. मुलाखतकार एखादा साधा प्रश्न मुद्दाम अडखळत, रेंगाळत विचारी आणि समोरचा माणूस मध्येच तोडून उत्तर देतो का, हे पाही. काय बोलला यापेक्षा कसा बोलला याला महत्त्व होतं. कॅलिफोर्नियातल्या तीन हजारांहून अधिक नोकरदार पुरुषांची साडेआठ वर्षं पाहणी झाली, तेव्हा ‘टाइप ए’ गटात हृदयविकाराचं प्रमाण सुमारे दुप्पट भरलं. १९८१मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या समितीने या वागणुकीला जोखमीचा घटक म्हणून मान्यताही दिली. पण १९८५मध्ये दुसऱ्या एका मोठ्या पाहणीत हा संबंध दिसलाच नाही.

मग संशोधकांनी ‘टाइप ए’चे घटक सुटे करून पाहिले. घाई आणि महत्त्वाकांक्षा बाजूला पडली. संशयात उरला तो आकस, म्हणजे माणसं मुळात स्वार्थी आणि दगलबाज असतात असं धरून चालणारी वृत्ती. ती मोजायला १९५४ साली तयार झालेली पन्नास विधानांची प्रश्नावली हाताशी होतीच. विद्यार्थिदशेत ती सोडवलेल्या २५५ डॉक्टरांचा पंचवीस वर्षांनी मागोवा घेतला, तेव्हा जास्त आकस असलेल्यांत हृदयविकार कितीतरी अधिक आढळला. १९८३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढच्या काही पाहण्यांत मात्र असं काही निघालं नाही. २००९ साली अनेक पाहण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा निरोगी माणसांमध्ये राग आणि आकसामुळे वाढणारी जोखीम सुमारे १९ टक्के भरली. धूम्रपान, व्यायाम वगैरे गोष्टी पूर्ण हिशेबात धरल्यावर तीही क्षीण झाली.

यावर कोणी म्हणेल, मग आकस निर्दोषच ठरला. तसं नाही. आकस बाळगणारी माणसं सिगारेट अधिक ओढत असतील, तर सिगारेट ही त्या स्वभावाने धरलेली वाट असू शकते. ती हिशेबातून वजा केली की स्वभावाचा त्या वाटेने होणारा परिणामही वजा होतो. पण याचा अर्थ सिगारेट सुटली असाही नाही. ‘टाइप ए’च्या संशोधनाला बड्या सिगारेट कंपन्यांनी दीर्घकाळ पैसा पुरवला, हे पुढे त्यांच्याच कागदपत्रांतून उघड झालं. दोष माणसाच्या प्रकृतीवर गेला की तंबाखूवरची नजर हटते, यातच त्यांचा स्वार्थ होता.

दुसरा आक्षेप असा की जोखीम एवढी थोडी, तर तिच्यामागे लागावंच कशाला? याचं उत्तर १९८६च्या एका प्रयोगात मिळतं. झटका येऊन गेलेल्या ८६२ रुग्णांपैकी काहींना नेहमीच्या सल्ल्याखेरीज घाई आणि चीड आवरण्याचं समुपदेशन मिळालं. साडेचार वर्षांत त्यांच्यातल्या १२.९ टक्के रुग्णांना पुन्हा हृदयाचा त्रास झाला. नुसता नेहमीचा सल्ला मिळालेल्यांत तेच प्रमाण २१.२ टक्के होतं. एका प्रयोगावर सगळा भार टाकता येणार नाही; पण वागणं बदलता येतं आणि त्याचा उपयोग होऊ शकतो, एवढं त्यातून दिसतं. म्हणून डॉक्टरांनी रक्तदाब आणि तंबाखूबरोबर रागाचीही चौकशी जरूर करावी. मात्र एखाद्याला झटका आल्यावर ‘त्याचा स्वभावच तसा’ म्हणून मोकळं होण्याचा अधिकार हा पुरावा कोणालाच देत नाही.