रुचीचा न्यायाधीश : ग्रिमो द ला रेनिएर

खाद्यपदार्थांवर ग्रंथ लिहिण्याची परंपरा आपल्या देशांत जुनी आहे. सतराव्या शतकांत रघुनाथ नवहस्तानें 'भोजनकुतूहल' हा संस्कृत ग्रंथ रचिला, तो त्याच परंपरेंतील. परंतु पदार्थ कसा करावा किंवा तो प्रकृतीस कसा मानवतो हें सांगणें वेगळें. आणि अमक्या रस्त्यावरील अमक्या दुकानांत तो चांगला मिळतो कीं वाईट, हें दुकानदाराच्या नांवानिशीं छापून सांगणें वेगळें. हें दुसरें काम वर्षानुवर्षें नेटानें करून त्यास वाङ्मयांत जागा मिळवून देणारा लेखक म्हणजे पॅरिसचा ग्रिमो द ला रेनिएर. आज त्याच्याच चरित्राचा थोडा परिचय करून घ्यावयाचा आहे.

त्याचा जन्म २० नोव्हेंबर १७५८ रोजीं झाला. वडील राजाच्या करवसुलीचे मक्तेदार. त्या काळच्या फ्रान्समध्यें या वर्गाइतका श्रीमंत वर्ग क्वचितच असेल, आणि त्याच्याइतका लोकांच्या द्वेषास पात्र झालेलाहि क्वचितच. मुलगा जन्मला तो मात्र दोन्ही हातांनीं व्यंग असलेला. कृत्रिम बोटें व पांढरे हातमोजे यांच्या साहाय्यानें तो लिहावयास शिकला, आणि पुढें त्याच हातांनीं त्यानें हजारों पानें लिहिलीं. आईवडिलांच्या डामडौलाविषयीं त्याच्या मनांत लहानपणापासून अढी बसली. तो वकील झाला. न्यायाधीश कां झाला नाहींस, असें विचारतां तो म्हणे कीं, न्यायाधीश झालों तर एखादे दिवशीं वडिलांनाच फांशी द्यावें लागेल. वकील राहिलों तर निदान त्यांची बाजू तरी मांडतां येईल. अशी आख्यायिका आहे.

त्याचा आप्तमित्रांचा गोतावळा पाहिला म्हणजे त्या युगाचें चित्रच डोळ्यांपुढें उभें राहतें. त्याच्या आत्याचे यजमान माल्झेर्ब हे मोठे उदार राजपुरुष; राज्याच्या ग्रंथपरीक्षण खात्याचे प्रमुख असतांना त्यांनींच दिदरोच्या विश्वकोशास आधार दिला. पुढें सोळाव्या लुईचें वकीलपत्र त्यांनीं घेतलें आणि १७९४ मध्यें त्यांचा शिरच्छेद झाला. कादंबरीकार रेतिफ द ला ब्रेतॉन आणि पॅरिसच्या रस्त्यारस्त्यांचें वर्णन करणारा मर्सिए हे ग्रिमोचे स्नेही. १ फेब्रुवारी १७८३ रोजीं त्यानें दिलेली मेजवानी शहरभर गाजली. निमंत्रणें मृत्युपत्रिकेच्या थाटाचीं, आणि सारी मांडणी सुतकी! ही केवळ तरुणपणाची थट्टा नव्हती. ज्या संपत्तीवर तो वाढला, तिचीच ती विटंबना होती. अखेर १७८६ मध्यें एका निंदाव्यंजक लेखामुळें राजाज्ञेनें त्यास नान्सीजवळच्या दोमेव्हर येथील मठांत स्थानबद्ध करण्यांत आलें. त्या मठांतील धर्मगुरूंच्या पंक्तीसच त्याची जिव्हा खरी तयार झाली, असें त्याचे चरित्रकार सांगतात.

नंतर राज्यक्रांति झाली. वडील १७९३ मध्यें वारले, कुटुंबाच्या संपत्तीचा मोठा भाग गेला, आणि लिआँ येथें व्यापार करणारा ग्रिमो पॅरिसला परतला. तो तेथें मूळचा नाट्यसमीक्षक. विशीच्या आंतच त्यानें नाट्यविषयक पत्रांत लेखन सुरू केलें होतें. १७९७ मध्यें त्यानें नाटकांच्या परीक्षणास वाहिलेलें 'सांसर द्रामातीक' हें नियतकालिक काढलें. पण सरकारनें तें दुसऱ्याच वर्षीं बंद पाडलें. राजाच्या आज्ञेनें तोंड बांधलें गेलें होतें, तसेंच प्रजासत्ताकाच्या आज्ञेनेंहि बांधलें गेलें.

परंतु याच सुमारास पॅरिसमध्यें एक नवी रंगभूमि उभी राहत होती. १७९१ मध्यें व्यवसायसंघांचे जुने मक्ते रद्द झाले होते. सरदार परागंदा झाले, आणि त्यांचे आचारी निराधार होऊन उपाहारगृहें उघडूं लागले. जें खाणें वाड्याच्या भिंतीआड होतें तें दाम मोजणाऱ्या कोणासहि खुलें झालें. नव्या धनिकांच्या हातांत पैसा होता, पण रुचीची परंपरा नव्हती. त्यांस वाटाड्या हवा होता. १८०३ मध्यें ग्रिमोनें 'आल्माना दे गूरमाँ', म्हणजे खवय्यांचें पंचांग, प्रसिद्ध केलें. १८१२ पर्यंत त्याचे आठ खंड निघाले. कोणत्या महिन्यांत काय खावें हें त्यांत आहेच. पण खरें नावीन्य आहे तें 'पोषक प्रवासवर्णना'त. लेखक वाचकास घेऊन गल्लोगल्लीं हिंडतो आणि प्रत्येक दुकानाचे गुणदोष सांगतो. मर्सिएची पायीं भटकण्याची रीत आणि नाट्यपरीक्षकाची निवाड्याची रीत, या दोहोंचा हा संगम होय. दुकान हीच रंगभूमि आणि मिठाईवाला हाच नट!

त्यांतील वकीलहि स्वस्थ बसला नाहीं. त्यानें चाखणाऱ्या पंचांचें मंडळ स्थापिलें. व्यापाऱ्यांनीं आपला माल पाठवावा, पंचांनीं तो चाखावा, निकालाची नोंद व्हावी आणि तो छापला जावा, असा रिवाज ठरला. येथेंच त्याच्या कार्यांतील मूळ पेंच दिसतो. माल फुकट येई, आणि ज्याचा येई त्याचाच निवाडा होई. न्यायाधीशाचें जेवण जर पक्षकाराच्या घरून येत असेल, तर निकालावर विश्वास कोणी ठेवावा? पक्षपाताचा आरोप त्याच्यावर झाला, दुखावलेले दुकानदार संतापले, आणि १८१२ नंतर पंचांगहि थांबलें व मंडळहि.

त्याच वर्षीं त्यानें स्वतःच्या मृत्यूची खोटी वार्ता पाठविली. शोक करावयास जे आले त्यांस भरल्या पानावर बसलेला यजमान भेटला, अशी कथा आहे. खरे मित्र किती, हें त्यास पाहावयाचें होतें. त्यानंतर तो व्हिलिए-स्युर-ऑर्ज या गांवीं जाऊन राहिला, आणि २५ डिसेंबर १८३७ रोजीं तेथें वारला.

आज जग ब्रिया-सावारँचें नांव घेतें. त्याचा रुचिविषयक ग्रंथ १८२५ च्या अखेरीस निघाला आणि अधिक गाजला. परंतु ब्रिया-सावारँ हा रुचीचा तत्त्वज्ञ. ग्रिमो हा तिचा पत्रकार. उपाहारगृहाचें जें जें परीक्षण आज वृत्तपत्रांत छापलें जातें, त्याची वंशावळ ग्रिमोपर्यंत पोंचते; आणि त्या परीक्षणावर विश्वास किती ठेवावा ही शंकाहि त्याच्यापासूनच चालत आली आहे. परीक्षकानें कोणाचें अन्न खाल्लें, हा प्रश्न स्वयंपाकघरापुरता नाहीं. ग्रंथाचें, नाटकाचें वा राज्यकारभाराचें परीक्षण वाचतांनाहि तो वाचकानें विचारलाच पाहिजे.