मधल्या तोंडाचा मासा

माहुलच्या कोळ्यांच्या जाळ्यात येतो तो खाडीचा, खाऱ्या पाण्याचा मासा. रोहू-कटला तिथे सापडायचे नाहीत. ते गोड्या पाण्यातले, तळ्यात पोसलेले, बर्फात घालून मुंबईच्या बाजारात येणारे. आजची गोष्ट त्यांची.

कटला, रोहू आणि मृगळ, तिघं जवळचे भाऊबंद. पण जेवायच्या जागा वेगळ्या. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो पाण्याच्या वरच्या थरात खातो. रोहू मधे, मृगळ तळाशी. म्हणून तर एकाच तळ्यात तिघं सुखानं वाढतात.

पूर्वी यांचं बीज, म्हणजे पिल्लं, नदीतून धरून आणावं लागे. साठलेल्या पाण्यात हे मासे अंडीच घालत नाहीत, त्यांना पावसाळ्यातला पूर लागतो. मग १० जुलै १९५७ ला ओडिशात हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांना यश आलं. पीयूषिका ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन दिल्यावर माशांनी अंडी घातली. हॅचरीचं युग सुरू झालं. १९६१ मध्ये मुंबईत केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थाही उभी राहिली. आज ती वर्सोव्याला आहे.

पण इंजेक्शननं एक कुंपणही मोडलं. जागा आणि वेळ वाचवायला काही हॅचऱ्यांत या जाती एकाच टाकीत सोडतात, आणि संकर होतो. कटला-रोहूचा संकर जगतो, त्याला पिल्लंही होतात. मग बिघडलं कुठे?

उत्तर कॅनडातल्या स्टिकलबॅक नावाच्या छोट्या माशानं दिलं. तिथल्या एका तळ्यात याच्या दोन जाती आहेत: एक काठाशी तळातलं खाणारी, दुसरी मोकळ्या पाण्यातलं. टॉड हॅटफिल्ड आणि डॉल्फ श्लुटर यांचा १९९९ चा अभ्यास सांगतो, की प्रयोगशाळेत संकरित पिल्लं ठणठणीत होती. तळ्यात सोडल्यावर मात्र काठाशी एक जात पुढे, मोकळ्या पाण्यात दुसरी. मधल्या तोंडाचा मासा दोन्हीकडे मागे पडला. धड ना इकडचा, धड ना तिकडचा. निसर्गाची निवड म्हणतात ती हीच.

हॅचरीत ही चाळण नाही. खाद्य आपण टाकतो, शत्रू आपण हाकलतो. संकर टिकतो, पुढच्या पिढीचे आईबाप होतो आणि पुरात नदीलाही मिळतो. शेततळ्यात कटला म्हणून सोडलेलं बीज कटला नसेल, तर तीन थरांचं गणितच चुकतं. नुकसान शेतकऱ्याचं.

तेव्हा चाळणी आता माणसाच्या हाती आहे: टाक्या वेगळ्या ठेवा, आईबाप ओळखून निवडा. नदी हे काम फुकटात करत होती.