मूळ इंजिन कोणते?

जुने लष्करी ट्रक जतन करणाऱ्यांमध्ये एक वाद कधीच मिटत नाही. मूळ इंजिन उतरवून नवे बसवले, तर त्या ट्रकला ऐतिहासिक म्हणावे का? प्रश्न गॅरेजमधला खरा. पण संहिताचिकित्सा शिकवणाऱ्या आम्हांला तो घरचाच वाटतो.

अमेरिकी सैन्याचा अडीच टनी एम-३५ घ्या. १९५० च्या सुमारास तो आला तेव्हा त्यात रिओ कंपनीचे पेट्रोल इंजिन होते. १९६० च्या दशकात सैन्यानेच त्याजागी बहुइंधनी इंजिन आणले. डिझेल, जेट विमानाचे इंधन, अडीनडीला पेट्रोलही त्याला चाले. पिस्टनच्या माथ्यावरील गोल पोकळीत इंधनाचा पातळ थर पसरवून तो जाळण्याची ही रीत जर्मनीच्या मान कंपनीची. (जबलपूरचा आपला शक्तिमानही याच कंपनीच्या परवान्यावर तयार होई.) पुढे १९९० च्या दशकात काही जुन्या ट्रकांना कॅटरपिलरचे इंजिन आणि स्वयंचलित गिअर मिळाले. पाठ तीन, आणि तिन्ही अधिकृत! त्यांतला मूळ कोणता म्हणायचा?

कारखान्याबाहेरचे पाठ तर याहून बोलके. २ सप्टेंबर १९६७ रोजी व्हिएतनाममध्ये आन खेजवळ रसदीच्या ताफ्यावर छापा पडला. त्यानंतर सैनिकांनी या ट्रकांवर वाळूची पोती, पोलादी पत्रे आणि मशीनगन चढवल्या. कारखान्याच्या लेखी हा प्रक्षेपच. इतिहासकार मात्र तोच आधी वाचील.

मग आजच्या मालकाने कमिन्सचे डिझेल इंजिन बसवले तर काय बिघडले? त्याची अडचण खोटी नाही. बहुइंधनी इंजिनाचे सुटे भाग दुर्मिळ होत चालले आहेत. परंतु एकटे इंजिन बदलून भागत नाही. एम-३५ च्या ब्रेकला एकच जलमार्ग असतो. एके ठिकाणी गळती लागली की सगळेच ब्रेक जातात. वेग वाढवणाऱ्याने आधी तिकडे पाहावे. तेथे मूळ रचनेचा हट्ट मला अनाठायी वाटतो.

एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा तिच्यात पाठभेद शिरलेलेच होते. नंतरच्या हाताने घातलेले ओळखू आले, तरच ते वेगळे काढता येते. ट्रकलाही मी हीच कसोटी लावीन. नवे इंजिन नटबोल्टांवर बसलेले असावे, त्यासाठी चौकट कापलेली नसावी. जुने इंजिन तेल घालून, झाकून शेडमध्ये ठेवावे, आणि काय, केव्हा, का बदलले याची वही ट्रकसोबत पुढच्या मालकाकडे जावी. चौकट कापणाऱ्याशी मात्र माझे भांडण आहे. त्याने पोथीचे पानच फाडलेले असते.