कोड : एका शब्दाचा आणि एका संघटनेचा इतिहास



इतिहास म्हटला की लढाया आणि तह डोळ्यांपुढे येतात. आज आम्ही कातडीवरील एका डागाचा इतिहास सांगणार आहोत. वैद्यास सोडून कामगारांत वावरणाऱ्या, शाळा अर्ध्यावर सुटलेल्या माणसास या विषयावर बोलू दिले, याबद्दल चालकांचे आभार मानतो. आमच्या मते हा विषय निम्मा औषधाचा आहे आणि निम्मा संघटनेचा.

‘कोड’ हा शब्द संस्कृत ‘कुष्ठ’ या शब्दावरून आला. त्याच वळणाचा हिंदीतील ‘कोढ’ महारोगास लावतात. मराठीत मात्र कोड म्हणजे पांढरे डाग. एकाच शब्दाची ही दोन लेकरे विभक्त झाली, पण आडनाव एकच राहिले आणि त्या आडनावाने घात केला. जुन्या ग्रंथकारांस भेद ठाऊक नव्हता असे नाही. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात कोणत्या कुळातील मुलगी करू नये याची यादी आहे. तीत श्वित्री आणि कुष्ठी हे दोन शब्द निरनिराळे आले आहेत. रोग दोन आहेत हे शास्त्रकारांस दिसत होते. शिक्षा मात्र दोघांस एकच, आणि तीही आजाऱ्याच्या घरातील मुलीला!

महारोगाचा जंतू नॉर्वेतील हान्सेन याने 1873 साली शोधला, आणि आज तो रोग औषधाने पुरता बरा होतो, तेव्हा त्या रोग्यास दूर लोटण्यासही आता आधार नाही. कोडात तर जंतूच नाही. शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच रंगपेशींवर उलटते आणि तेवढी जागा पांढरी पडते. जगात शेकडा अर्ध्यापासून दोन माणसांपर्यंत हे आढळते. शिवल्याने ते लागत नाही, आणि अंगातील काम करण्याची शक्तीही त्याने जात नाही. आमच्याकडे बावची लावून उन्हात बसण्याचा उपाय फार जुना आहे. बावचीतील द्रव्य आणि प्रकाशकिरण यांच्या जोडीवर आधुनिक डॉक्टरांनीही पुढे उपचार उभारले. गुण येतो, पण सावकाश, आणि सर्वांना सारखा येत नाही. तोवर माणसाने जगावे कसे, हा खरा प्रश्न.

कामगारांपुरती एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. 1939 साली अमेरिकेत कातडी कमावण्याच्या एका कारखान्यातील कामगारांचे हात पांढरे पडू लागले. ते रबरी हातमोजे घालीत, आणि रबर टिकावे म्हणून त्यात घातलेले एक रसायन रंगपेशी मारीत होते. टिकलीच्या डिंकातील अशाच जातीच्या एका रसायनाने आमच्या भगिनींच्या कपाळावर पांढरा ठिपका उमटतो, हेही पुढे दिसून आले. तेव्हा ‘पूर्वजन्मीचे पाप’ म्हणण्यापूर्वी हातमोजा आणि टिकली तपासावी!

आमच्या कचेरीत असे लोक येतात ते बहुधा दुसऱ्याच कामाच्या निमित्ताने. वैशाखातही पुऱ्या बाह्यांचा सदरा असतो, त्यावरून आम्ही ओळखतो. एका कारखान्यात, नाव सांगत नाही, कॅन्टीनमध्ये चहा देणाऱ्या गड्याच्या ओठावर डाग आला, तशी त्याला चहावरून काढून झाडूवर घातले. तक्रार साहेबांची नव्हती, आमच्याच सभासदांची होती. आम्ही डॉक्टरांची चिठ्ठी आणली, आणि पाळी सुटल्यावर सर्वांनी त्याच्या हातचा चहा घेतला. आठवड्याने तो जागेवर आला. पण घरी थोरल्या मुलीचे लग्न अडले होते, तेथे आमची युनियन काय करणार?

येथे पुण्याने केलेले काम सांगावयाचे. डॉ. माया तुळपुळे यांना स्वतःला कोड. त्यांनी 2001 साली या शहरात ‘श्वेता असोसिएशन’ काढली. कोड असलेली माणसे आणि त्यांचे आईबाप एकत्र बसतात, बोलतात. एवढ्याने काय होते, असे ज्यांना वाटते त्यांनी पहिल्यांदाच संपसभेस आलेल्या कामगाराचा चेहरा पाहावा. आपले गाऱ्हाणे दुसऱ्याच्या तोंडून ऐकले की त्यातील लाज गळून पडते. संस्थेने वधूवर मेळावेही भरविले. डागवाल्यांनी डागवाल्यांशीच सोयरीक केली तर नवी जात उभी राहील, असा आक्षेप निघतो. आम्हांस तो अर्धाच पटतो. ज्याला गावाने पंक्तीतून उठविले, त्याने आपली पंक्त मांडली तर दोष गावाचा.

ही पंक्त गावाशी जोडण्याचा यत्न सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 2006 सालच्या ‘नितळ’ या चित्रपटाने केला. नायिका डॉक्टर आहे, तिला कोड आहे, आणि तिच्याशी लग्न करू पाहणाऱ्या तरुणाच्या सुशिक्षित घराची त्यात परीक्षा होते. सुशिक्षित घरच निवडले, हे फार बरे केले.

कायदा मात्र अजून मागे आहे. अपंगांच्या हक्कांचा 2016 चा कायदा एकवीस प्रकार मोजतो. महारोगातून बरे झालेली माणसे त्यात आहेत, कोड नाही. कोडाने माणूस अपंग होत नाही हे खरेच. पण म्हणून त्याला कामावरून हलविले तर त्या कायद्याचा आधार मिळत नाही. यासाठी आम्ही करारात एक ओळ मागत असतो : कातडीवरील डागाच्या कारणाने कोणाचे काम बदलू नये. दोन ठिकाणी ती मिळाली. तिसऱ्या ठिकाणी बोलणी चालू आहेत.