तळटीप : ज्येष्ठमूल १,७६,६३,१९,०४९

१. कोणत्या संख्येच्या वर्गाला ६१ने गुणून त्यांत १ मिळविला असतां पूर्ण वर्गच निष्पन्न होतो, हें भास्कराचार्यांनी ‘बीजगणित’ ग्रंथांत (इ. स. ११५०) वर्गप्रकृतीचें उदाहरण म्हणून विचारलें असून, चक्रवाल पद्धतीनें त्याचें लघुतम उत्तर कनिष्ठमूल २२,६१,५३,९८० व ज्येष्ठमूल १,७६,६३,१९,०४९ असें येतें. गुणक ६० असतां ४ व ३१, आणि ६२ असतां ८ व ६३ इतक्या अल्प मूलांनी काम भागतें. मधल्या ६१ला मात्र अब्जाच्या घरांत जावें लागतें, आणि म्हणूनच, भास्कराचार्यांच्या ग्रंथाची वार्ताही नसतां, फ्रेंच गणिती फर्मा यानें १६५७ सालीं समकालीन गणितज्ञांपुढें जे प्रश्न टाकले त्यांत हाच गुणक दाखल झाला.

प्रस्तुत ज्येष्ठमूलाची अंतर्रचनाही विलक्षण आहे. त्यांतून १ वजा करून निम्मे केले असतां ८८,३१,५९,५२४ म्हणजे २९,७१८चा वर्ग, आणि १ मिळवून निम्मे केले असतां ८८,३१,५९,५२५ म्हणजे ३,८०५च्या वर्गाची ६१ पट हाती येते. २९,७१८ व ३,८०५ यांच्या गुणाकाराची दुप्पट तेंच कनिष्ठमूल होय. शिवाय ज्येष्ठमूलास कनिष्ठमूलानें भागल्यास ६१चें वर्गमूळ सतरा दशांशस्थळांपर्यंत बिनचूक मिळतें. ताळा पाहूं इच्छिणाऱ्या वाचकानें प्रथम २९,७१८चा वर्ग करून पाहावा; पुढील हिशेब त्यावरून सहज जुळतो. —संपादक