स्वदेशीच्या दोन आगी

१९०५ साली पुण्यात विदेशी कपड्यांची होळी पेटली. स्वदेशीची ही आग आपण वर्गात आवर्जून शिकवतो. दुसरी आग मात्र पाठ्यपुस्तकाबाहेरच राहिली.

माणशी वर्षाला एक पैसा जमवून देशी उद्योग उभारावेत, ही अंताजी दामोदर काळे यांची कल्पना. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. तेव्हा रुपयाचे ६४ पैसे होत. म्हणजे एका रुपयामागे चौसष्ट माणसांची वर्गणी.

पण वर्गणीतून विटा येतात, भट्टी साधावी लागते. नवी भट्टी एकदम भडकवून चालत नाही. विटा आणि मातीच्या मुशी मंद आचेवर कित्येक दिवस वाळवत, तापवत न्याव्या लागतात. घाई केली तर मूस तडकते आणि काचेचा रस वाहून जातो. वाळू, सोडा व चुना वितळायला सुमारे १४०० अंश सेल्सिअस उष्णता हवी. घडलेली वस्तू निववायचीही तितक्याच सावकाशीने. होळीला एक रात्र पुरते. भट्टी रोज राखावी लागते.

पुढे १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा काच कारखाना निघाला आणि त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला. तिसगावसारख्या गावात वीज येण्यापूर्वी पोरे ज्या उजेडात बाराखडी गिरवत, तो अशा कंदिलांचाच. स्वदेशीचे साहित्य शिकवताना वक्त्यांइतकेच हे भट्टी राखणारेही आठवायला हवेत.