वीज, माहिती आणि विद्यार्थी : संशोधनाच्या वारशाचा एक आढावा

नागपूर–अमरावती महामार्गावरील तळेगाव (श्यामजी पंत) हे आष्टी तालुक्यातील गाव. पूर्वेकडे निघावे तर नागपूर; पश्चिमेकडे वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा; आणि दक्षिणेकडे आर्वीमार्गे वर्धा. या तिन्ही दिशांना अभियांत्रिकी शिक्षणाची केंद्रे आहेत. नागपूरचे विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० साली, तर अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ साली स्थापन झाले. पुढे १९८३ मध्ये राज्य शासनाने विनाअनुदानित तत्त्वावर महाविद्यालयांना परवानगी दिली आणि त्याच वर्षी सेवाग्राम येथेही अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. कापूस आणि संत्रा पिकविणाऱ्या या पट्ट्यातील शेतकऱ्याच्या मुलास अभियंता होण्याची वाट त्यामुळे आवाक्यात आली.

या वाटेवर पदवीच्या अंतिम वर्षी प्रत्येक विद्यार्थ्यास एक प्रकल्प करावा लागतो. कोणी विजेचा दाब स्थिर ठेवणारे यंत्र बनवितो, तर कोणी ग्रंथालयाची वा सहकारी संस्थेची नोंदप्रणाली संगणकावर उभी करतो. पहिला विषय पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचा, दुसरा माहिती प्रणालीचा. तोंडी परीक्षा होते, गुण मिळतात, सोनेरी अक्षरांचा बांधीव अहवाल कपाटात जातो. पुढे त्या श्रमाचे काय होते, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. प्रस्तुत लेखात या दोन विद्याशाखांच्या वाटचालीचा आढावा घेत त्याच प्रश्नाकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे.

पॉवर इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे विजेला शिस्त लावण्याचे शास्त्र होय. घरात येणारी वीज सेकंदाला पन्नास आवर्तने करणारी असते. बॅटरीला मात्र एकाच दिशेने वाहणारा दिष्ट प्रवाह लागतो. एका रूपातून दुसऱ्या रूपात वीज पालटण्यासाठी पूर्वी फिरती यंत्रे अथवा पाऱ्याच्या वाफेची पात्रे वापरीत. १९५७ साली अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत थायरिस्टर हा सिलिकॉनचा घटक तयार झाला आणि नखाएवढ्या तुकड्याने मोठा प्रवाह सोडणे वा अडविणे शक्य झाले. त्याच कंपनीत १९८०च्या दशकाच्या आरंभी आय.जी.बी.टी. हा अधिक चपळ घटक विकसित करणारे बी. जयंत बालिगा हे १९६९ साली मद्रासच्या आय.आय.टी.तून पदवी घेऊन बाहेर पडलेले विद्यार्थी होते. आज विजेवर चालणारी मोटारगाडी असो वा रेल्वेचे इंजिन, या घटकांवाचून त्यांचे पान हलत नाही.

या शास्त्राचे एक भव्य उदाहरण विदर्भाच्या भूमीवरच उभे आहे. कोळसा विदर्भात आणि विजेची मोठी मागणी मुंबई परिसरात, ही राज्याची जुनी अडचण. तीवर उपाय म्हणून १९९९ साली चंद्रपूर ते ठाणे जिल्ह्यातील पडघे अशी ७५२ किलोमीटर लांबीची, ५०० किलोव्होल्ट दाबाची आणि १५०० मेगावॅट क्षमतेची दिष्ट प्रवाह वाहिनी कार्यान्वित झाली. चंद्रपुरात थायरिस्टरांच्या साहाय्याने विजेचे दिष्ट रूप केले जाते व पडघ्यात ती पुन्हा मूळ रूपात आणली जाते. लांबच्या प्रवासात दिष्ट प्रवाहाची गळती कमी होते, शिवाय किती वीज पाठवावयाची हे काटेकोरपणे ठरविता येते. हे ठरविण्यासाठी दोन्ही टोकांची माहिती क्षणोक्षणी एकमेकांस कळावी लागते. वीज आणि माहिती यांची सांगड येथे स्पष्ट दिसते.

हीच सांगड एका वैदर्भीय विद्यार्थ्याच्या जीवनक्रमातही आढळते. डॉ. विजय भटकर यांचा जन्म १९४६ साली अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर तालुक्यात मुरंबा या लहानशा खेड्यात झाला. १९६५ साली त्यांनी नागपूरच्या विश्वेश्वरय्या महाविद्यालयातून पदवी घेतली. त्यानंतर बडोदा येथे पदव्युत्तर शिक्षण आणि १९७२ मध्ये दिल्लीच्या आय.आय.टी.तून विद्यावाचस्पती ही पदवी, असा त्यांचा प्रवास झाला. १९८०च्या दशकात ते तिरुवनंतपुरम येथील इलेक्ट्रॉनिक्स संशोधन व विकास केंद्राचे संचालक होते. पुढे १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि त्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक साकारला. परदेशातून महासंगणक मिळण्यात अडथळे येत असतानाचा तो काळ होता.

विशेष असे की, तिरुवनंतपुरमचे ते केंद्र कालांतराने सी-डॅकमध्येच विलीन झाले. केंद्र शासनाच्या माहिती तंत्रज्ञान विभागाने २००४ साली पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचे राष्ट्रीय अभियान हाती घेतले, तेव्हा त्याची मुख्य जबाबदारी तिरुवनंतपुरमच्या याच सी-डॅक केंद्राकडे सोपविण्यात आली. महासंगणकासाठी ओळखली जाणारी संस्था विजेच्या रूपांतरणाचेही संशोधन करते, हे पाहून नवल वाटेल. परंतु शास्त्राच्या दृष्टीने ते स्वाभाविकच आहे. आजच्या प्रत्येक विद्युत रूपांतरकाच्या गाभ्याशी एक छोटा संगणक असतो, आणि प्रत्येक संगणकाच्या मुळाशी एक विद्युत रूपांतरक.

आता विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या कार्याकडे वळू. पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय हे १८५४ सालापासूनचे. तेथील विद्यार्थ्यांनी २००८ मध्ये ‘स्वयम्’ नावाच्या लघुउपग्रहाचे काम हाती घेतले. उपग्रहाचे वजन एक किलोग्रॅमहूनही किंचित कमी, आकार दहा सेंटिमीटरच्या घनाचा. पृथ्वीवरील एका ठिकाणचा संदेश साठवून तो दुसऱ्या ठिकाणी पोहोचविणे, हे त्याचे उद्दिष्ट. पृथ्वीभोवतीच्या प्रत्येक फेरीत काही काळ उपग्रह सावलीत जातो. तेव्हा उन्हात मिळालेली वीज बॅटरीत जपून ठेवणे आणि नेमकी वाटून देणे आवश्यक असते. म्हणजे त्या चिमुकल्या पेटीत दोन्ही विद्या एकत्र नांदत होत्या. २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोटा येथून पी.एस.एल.व्ही.-सी३४ या वाहकाने अन्य एकोणीस उपग्रहांसमवेत त्यास अवकाशात नेले. त्याच वर्षी २६ सप्टेंबर रोजी मुंबईच्या आय.आय.टी.मधील विद्यार्थ्यांचा ‘प्रथम’ हा उपग्रहही झेपावला. त्याचे काम २००७ पासून चालले होते.

या कालखंडांकडे वाचकांनी अवश्य लक्ष द्यावे. पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा आणि ‘स्वयम्’ला लागली आठ वर्षे. ज्यांनी पहिली रेखाकृती काढली, ते उड्डाणाच्या कितीतरी आधी महाविद्यालय सोडून गेले असणार. मग काम टिकले कसे? मागच्या तुकडीने पुढच्या तुकडीच्या हाती मंडलांचे आराखडे, चाचण्यांच्या नोंदी आणि फसलेल्या प्रयत्नांची कारणे सोपविली, तरच असे कार्य तडीस जाते. दोन तुकड्यांमधील हा पूल हीच खरी माहिती प्रणाली होय. आपल्याकडील शेकडो प्रकल्प बुद्धीच्या अभावी नव्हे, तर या पुलाच्या अभावी विस्मृतीत जातात. दरवर्षी नवा विद्यार्थी तोच विषय पहिल्या पायरीपासून आरंभितो आणि त्याच पायरीवर सोडून देतो.

तळेगावसारख्या गावाला या चर्चेचे काय, असा प्रश्न कोणी करील. उत्तर शेताच्या बांधावरच आहे. २००५ नंतरच्या काही वर्षांत राज्यातील ग्रामीण भागाने प्रदीर्घ भारनियमन सोसले. ओलितासाठी रात्री-अपरात्री मोटार सुरू करावयास जाणे हे शेतकऱ्याच्या नशिबी आले. पुढे २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणि २०१९ साली केंद्राची कुसुम योजना आली, व सौरपंप शेतात दिसू लागले. या पंपाच्या पेटीत एक नियंत्रक असतो. सकाळचे कोवळे ऊन, दुपारचा तापलेला पत्रा, आकाशात आलेला ढग, यांनुसार सौर तावदानाचा दाब आणि प्रवाह बदलत राहतो. नियंत्रक सतत चाचपणी करून सर्वाधिक वीज मिळेल तो बिंदू शोधतो आणि मोटारीची गती त्यानुसार कमी-अधिक करतो. पंप किती चालला, कोठे बिघडला, ही माहिती तो दूरवर कळवूही शकतो. विद्यार्थ्याच्या प्रकल्पाचे दोन्ही विषय येथे एका पेटीत, आपल्या विहिरीच्या काठी येऊन ठेपले आहेत.

अशा वेळी पेटी बिघडली तर ती कित्येक दिवस बंद राहावी, की गावातील शिकलेल्या मुलाने ती उघडून दोष ओळखावा? आपल्या भागात धूळ, उष्मा आणि दाबाचे चढउतार यांमुळे कोणता घटक वारंवार निकामी होतो, याची पाच-दहा वर्षांची नोंद कोणी ठेवली, तर ते मोलाचे संशोधन ठरेल. त्यासाठी महागडी प्रयोगशाळा नको. वही हवी, मापनयंत्र हवे आणि एका तुकडीने दुसरीस काम सोपविण्याची रीत हवी. महाविद्यालयांनी असे विषय गावांतून निवडावेत आणि पालकांनीही मुलास गुणांबरोबरच, तुझे काम पुढे कोणाच्या हाती दिलेस, हे विचारावे. मुरंब्याच्या विद्यार्थ्याने महासंगणकापर्यंत मजल मारली. तळेगावच्या विद्यार्थ्याने आपल्या शिवारातील पंपापासून आरंभ केला, तरी ते संशोधन कमी प्रतीचे ठरणार नाही.